औषधाचं गाऱ्हाणं

आमच्या घरात चार वर्षं फोडणीचा आवाज आला नाही. धूर नाकात गेला की माझी छाती शिट्टीसारखी वाजायची, म्हणून आई सगळं उकडूनच रांधायची. बाबा मुंबईची नोकरी सोडून गावी आले, कारण दम लागल्यावर मला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत नेणारं दुसरं कोणी नव्हतं. घरातली पहिली पदवीधर मी. पण विहिरीवरून कळशी आणताना वाटेत दोनदा बसायचे. देवावर माझा राग होता. एवढं शिकवलंस, मग श्वासच का मोजून देतोस?

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तोंडाने ओढायचे दोन पंप दिले होते. एक दम लागला की घ्यायचा, दुसरा बरं असलं तरी रोज सकाळ-संध्याकाळ. हा दुसरा मी दोन दिवस बरे गेले की बंद करायचे. काकी म्हणायची, "सवय लागली तर सुटायची नाय गो. पंपवाली सून कोण करून घेईल?" मी तिच्यावर चिडायचे, शिकलेली म्हणून मिरवायचे, पण खरं सांगते, मनातून मलाही तेच वाटत होतं.

शेवटी ग्रामदेवाला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. औषध कायमचं सोडते, आता तूच सांभाळ, असा शब्द द्यायचा. पंप मुद्दाम घरी ठेवले आणि आई-काकीबरोबर देवळाची घाटी चढले. आमच्याकडे गाऱ्हाणं गुरव घालतात. आपलं म्हणणं ते देवाला सांगतात, आणि सगळ्यांनी "होय महाराजा" म्हटलं की शब्द पक्का. म्हाताऱ्या गुरवकाकांनी नारळ ठेवून विचारलं, "काय सांगू, बाय?"

"माझं औषध..." एवढंच म्हणाले आणि दम लागला. पुढचा शब्द फुटेना.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. "बा देवा महाराजा, ही तुझी लेक धापा टाकीत आलीय. हिच्या औषदाला गुण दे. ही औषदाची एक वेळ चुकवायची नाय, तू पाठीशी ऱ्हा!"

"होय महाराजा!" आई रडत म्हणाली, काकी म्हणाली, आणि तुटक श्वासात माझ्याही तोंडून तेच निघून गेलं. तेवढ्यात बाबा पंप घेऊन धावत वर आले. आईनं त्यांना गुपचूप सांगून ठेवलं होतं.

उतरताना काकी म्हणाली, "झाली ना पंचाईत! आता बस ओढीत. देवाला शब्द दिलायस."

मला काय म्हणायचं होतं ते गुरवकाकांना कळलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. औषधाची वेळ मात्र चुकवली नाही. डॉक्टरांनी पंप ओढण्याची माझी पद्धत सुधारली, पुढे औषधही बदलून दिलं. सगळं देवावर टाकते म्हणताना मी माझ्या वाट्याचं कामही त्याच्यावर ढकलत होते, हे हळूहळू उमगलं. त्यानं ते परत माझ्या हातात दिलं, हे त्याचे उपकार.

दमा गेलेला नाही. पण यंदा लावणीला मी आईच्या शेजारी दिवसभर चिखलात उभी होते, आणि संध्याकाळी माझ्या पायांनी घरी आले.