तापातलं रक्त

मुरबाडच्या एका दवाखान्यात मी संशोधनासाठी तापाच्या रुग्णांचं रक्त गोळा करत होतो. टोकावड्याकडची एक बाई भाताची लावणी अर्धी टाकून आली होती. नखांत चिखल, अंगात फणफणता ताप. दंडाला पट्टा बांधताना कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा जुना डाग दिसला.

नळी भरताना तिनं विचारलं, "यात काय बगनार?"

मी म्हणालो, "रक्तात काही पेशी अशा असतात, की जंतू ओळखीचा नसला तरी तो शिरल्याबरोबर कामाला लागतात. त्यांची तोवर गप्प असलेली जनुकं तासाभरात जागी होतात. ती कुठली, ते बघतोय."

"आमच्याकडं वणवा दिसला का कोन कोनाला बोलवत नाय," ती हातावरच्या डागाकडे बघत म्हणाली. "हिरवी फांदी तोडायची न् विझवायला धावायचं." मग नळीकडे बोट केलं. "यातली धावलेली सगली परत येतात?"

"नाही. बऱ्याच मरतात."

तिनं ती कोमट नळी माझ्या हातून घेतली, कपाळाला लावली आणि जपून परत दिली.

इतकी वर्षं मी त्या पेशी तपासत आलो. त्यांना हात जोडायचं मला कधी सुचलं नव्हतं.