रवीच्या दोरीनं निघालेलं हेड

आमच्या गोठ्यात पंधरा दिवस लाल मोटार उभी होती आणि म्हैस बाहेर आंब्याखाली. सासूबाई येता-जाता म्हणायच्या, "जित्या जनावराला ऊन आन् लोखंडाला सावली. काय दिवस आले!"

मोटार दोनच दारांची, बसकी आणि पुढं लांब नाक असलेली. आमच्या उत्रोली गावात तशी कुणी पाहिली नव्हती. शर्यतीची गाडी आली म्हणून लोक भाताच्या रोपांसाठी राब भाजायचं काम सोडून बघायला आले. ती होती पुण्याच्या एका साहेबांची. वेल्ह्याच्या बाजूला त्यांचं शेतघर होतं आणि त्यांच्या वडिलांच्या हौसेची ही गाडी तिथं पत्र्याखाली कित्येक वर्षं नुसती पडून होती.

माझे यजमान तेव्हा पुण्याला एका गॅरेजात होते. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचे, सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचे. लग्नाला सहा वर्षं झाली तरी हेच चाललेलं. मुलगी तीन वर्षांची. ती शनिवारी त्यांना बघून माझ्या पदराआड लपायची आणि त्यांना 'पावनं' म्हणायची. रविवारी दुपारपर्यंत ओळख पटायची, मांडीवर जायची, आणि सोमवारी 'पावनं' निघून गेलेले असायचे.

ते साहेब त्या गॅरेजात येत. त्यांनी यांना सांगितलं, "ही गाडी तू घरी नेऊन चालू करून दाखव. मग माझ्या सगळ्या गाड्या तुझ्याकडे. ओळखीच्यांच्याही पाठवीन. वरवे गावाच्या अलीकडं हमरस्त्याला गॅरेजसाठी गाळा बघ." यांनी पंधरा दिवसांची रजा घेतली. गॅरेजचे शेठ म्हणाले, सोळाव्या दिवशी आला नाहीस तर दुसरा माणूस ठेवीन. म्हणजे गाडी चालू झाली तर हे घरी राहणार, नाहीतर पुन्हा पुणे.

पाचव्या दिवशी काम अडलं. इंजिनावर जे जाड झाकण असतं त्याला हे हेड म्हणत. ते काढल्याशिवाय आतलं काही दिसत नाही. सगळे नट निघाले, पण हेड जागचं हललं नाही. हेड अॅल्युमिनियमचं, खालचं इंजिन बिडाचं, आणि मधले उभे लोखंडी दांडे इतक्या वर्षांत गंजून त्यात रुतून बसलेले. यांनी डिझेल ओतलं, रॉकेल ओतलं, लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीनं चारी बाजूंनी ठोकलं. रोज संध्याकाळी हात धुताना राख घेऊन कोपरापर्यंत घासत बसायचे.

मी चहा घेऊन जायची, उंबऱ्यावर ठेवायची आणि परत फिरायची. सासरे आणि मोठे दीर तिथं असायचे. सासऱ्यांना मी मामा म्हणते, दिरांना भावजी. त्या दोघांच्या समोर मी कधी बोलत नसे. आमच्याकडं सुना बोलत नाहीत, आणि माझा स्वभावही तसाच. पण चहा ठेवताना मला ते हेड दिसायचं आणि माझे वडील, आबा, आठवायचे.

माहेर गुंजवण्याकडचं. आबांचं नदीच्या काठाला पाण्याचं इंजिन होतं, रॉकेलवर चालणारं. एका वर्षी ते पुरात राहिलं आणि असंच गच्च झालं. माझी चौथी झालेली, शाळा सुटलेली, म्हणून मी दिवसभर त्यांच्याबरोबर. आबांनी प्लग काढला आणि त्या भोकातून आत मऊ दोरी सोडली, वीतभर, पुन्हा वीतभर, आत मावेल तेवढी. टोकाला गाठ मारून ते बाहेर ठेवलं. मग चाक हातानं फिरवलं. आतला दट्ट्या वर आला, दोरीला जायला जागा नाही, तिनं झाकण वर उचललं. आबा म्हणाले, "बाहेरनं हाणायचं न्हाई बाय, आतनं रेटायचं."

पुढं जमीन धरणात गेली, इंजिन भंगारवाल्यानं नेलं. आबाही आता नाहीत.

हे सगळं आठवत असून मी चार दिवस गप्प राहिले. वाटायचं, हे गॅरेजात शिकलेले, आपण चौथी पास. दोरी आत तुटली तर? मग गाडी बिघडली ती माझ्यामुळं, आणि पुण्याला जायची वेळ आली तीही माझ्यामुळं. चुलीपुढं बसून ते वाक्य मी मनात किती वेळा जुळवलं, पण हे जेवायला बसले की नुसतं कालवण वाढायची.

दहाव्या दिवशी भावजी शेतावरून आले ते पहार घेऊनच.

"बास झालं आता लाड. हितं फटीत पहार घालतो आन् एक दणका देतो."

"दादा, फुटलं तर दुसरं मिळायचं न्हाई. असल्या गाड्या आता बनत्यात कुठं?"

"मग काय हळद-कुंकू वाहायचं का तिला? पाच दिवस झालं, नुसता आंजारतोय-गोंजारतोय."

मामा बाजेवर बसले होते. म्हणाले, "घाल बाबा, घाल. तुटलं तर तुटलं. माझी म्हस तरी आत यील."

यांनी फडक्यानं हात पुसले. बराच वेळ पुसले. मग म्हणाले, "घाला."

मी चहाचं ताट घेऊन दारात उभी होते.

"थांबा!"

मी इतक्या मोठ्यानं ओरडले की आंब्याखालच्या म्हशीनं मान वळवली. मामांनी इकडंतिकडं बघितलं आणि खरंच विचारलं, "कोण बोललं?"

मी पदर पुढं ओढला. यांच्याकडंही बघवेना, म्हणून गोठ्याच्या खांबाकडं बघून बोलले. "अहो, प्लगच्या भोकातनं दोरी घाला. आत भरा आन् इंजिन हातानं फिरवा. आबांनी असंच काढलं व्हतं."

भावजी हसायला लागले. "ह्ये इंजिन हाय का ताकाचा डेरा?"

हे हसले नाहीत. खाली वाकले, प्लगच्या भोकात तार घातली, पुढच्या चाकीला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवलं. आतल्या दट्ट्यासरशी तार वर आली, खाली गेली. तिच्याकडं बघतच म्हणाले, "दादा, पहार ठेव खाली."

आता दोरी पाहिजे. घरातला कासरा नायलॉनचा, ताठ. काथ्याच्या सुंभाची कुसं आत पडणार. भोक करंगळीएवढं, आणि दोरी पाहिजे सुती, मऊ, तरी न तुटणारी. तसली घरात एकच होती. रवीची. चुलीमागच्या खुंटीवर टांगलेली, लोण्याच्या हातांनी वर्षानुवर्षं मऊ झालेली. तिला ताक करण्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा सासूबाईंचा नियम. त्या शेजारी पापड लाटायला गेल्या होत्या. मी न विचारता दोरी काढून आणली.

यांनी ती बघितली आणि म्हणाले, "एक पुरायची न्हाई. ह्याला चार दट्टे हायती. पहिला आन् चौथा संगं वर येत्यात. दोन्हीकडनं रेटलं पायजे, न्हाईतर तिरकं उचलंल आन् जास्तच अडकंल. हिचं दोन तुकडं करावं लागत्याल."

मी एका हातात दोरी आणि दुसऱ्या हातात कोयता घेऊन उभी राहिले. तेवढ्यात दारातून सासूबाईंचा आवाज आला.

"माझी दोरी?"

मामा बाजेवरून आभाळाकडं बघायला लागले. भावजींनी पहार उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवली, उगीचच. मग मीच बोलले, त्या दिवसात दुसऱ्यांदा.

"आत्याबाई, हेड निघालं तर ह्ये हितंच ऱ्हात्याल."

त्यांनी दोरीकडं बघितलं. मग मोटारीत कंबरेपर्यंत वाकलेल्या आपल्या लेकाकडं. माझ्या हातातला कोयता घेतला, दोरी ओंडक्यावर धरली आणि एका घावात तोडली.

"टोकाला गाठी मार. आन् उद्या ताक मागायचं न्हाई कुणी."

दोरी आत सोडायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझी बोटं बारीक. भावजी शेजारी, मामा मागं, आणि मी गाडीवर वाकलेली. लाज वाटायला सवड नव्हती. दोन्ही भोकांत दोरी भरली. यांनी पाना ओढला. थोडा फिरला आणि थांबला. काही नाही.

"अजून भर."

इंजिन उलटं फिरवून दट्टे खाली घेतले, मी आणखी दोन-दोन विती दोरी आत सारली. या वेळी पान्याला दोघे भाऊ लागले. पाना करकरला. यांच्या मानेची शीर फुगली. मी गाठीवर बोट ठेवून होते. दोरी बोटाखाली दगडासारखी झाली, आणि मग आतून कुर्र असा आवाज आला, करवंटीतून खोबरं सुटताना येतो तसा.

हेडाखाली काळी रेघ दिसली. नखाएवढी.

"सुटलं!" असं मामाच पहिल्यांदा ओरडले. ते बाजेवरून कधी उठून आले होते कळलंच नाही.

आणखी चार-पाच वेळा दोरी भरली, पाना ओढला. रेघ बोटभर झाली. मग दोघांनी दोन बाजूंनी धरून हेड सरळ वर उचललं. भावजी घामाघूम झाले होते, तरी म्हणालेच, "निघालं बघा लोणी!"

सासूबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. हसत होत्या की रडत होत्या, मी विचारलं नाही.

पुढं सगळं सरळ झालं असं नाही. पुण्याहून एसटीनं सामान मागवलं, त्यातलं एक चुकीचं आलं, परत धाडलं. चौदाव्या दिवशी दुपारी मोटार खोकली, गप्प झाली, पुन्हा खोकली आणि गोठा दणाणून सुरू झाली. पांढरा धूर निघाला. त्याला तूप कढवल्याचा वास येतो, असं सासूबाईंचं म्हणणं. यांनी आतलं सगळं पुसून काढलं होतं, तसला वास येणं शक्य नव्हतं. पण त्या आजही तेच सांगतात. यांनी भोरच्या बाजारातून नवी दोरी आणून दिली, ती त्यांना वर्षभर हाताला टोचत होती.

रविवारी साहेब आले. गाडीत बसले, फाट्यापर्यंत जाऊन आले, आणि गाडीवरून हात फिरवत नुसते उभे राहिले. मग यांना म्हणाले, "गाळा बघितलास का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सवयीनं उठले, भाकरी थापल्या आणि यांचा डबा भरला. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला तेव्हा लक्षात आलं. हे गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून राखुंडीनं दात घासत होते. मोटार साहेबांबरोबर गेली होती आणि म्हैस आत परत आली होती. मुलगी डोळे चोळत उठली, मला विचारलं, "पावनं गेलं?"

"न्हाई," मी म्हटलं, आणि डबा तिच्या हातात दिला. "जा, तुझ्या बापाला दे जा."

ती दोन्ही हातांनी डबा धरून अंगणातून गेली. यांनी चूळ भरली आणि तो डबा तिथंच उंबऱ्यावर बसून, तिला घास भरवत खाल्ला.