बाटलीची पाठ

"तोंड नको, पाठ दाखवा."

औषधाची कुठलीही बाटली हातात आली की चाचा ती आधी उलटी फिरवायचे. पुढच्या बाजूला ठसठशीत नाव, हसरं बाळ, स्ट्रॉबेरीचं चित्र. तिकडे ते ढुंकूनही बघत नसत. चष्मा कपाळावर सारून, बाटली नाकाशी नेऊन मागची मुंगीएवढी अक्षरं वाचत. "पुढचा नाव कंपनीचा, वहिनी. दवेचा नाव पाठीवर असतो."

कतारला, दोह्यात, अल हिलालमधल्या आमच्या इमारतीखाली एक औषधाचं दुकान आहे. तिथे ते फार्मासिस्ट होते. मूळचे रत्नागिरीकडचे. नाव कोटावरच्या बिल्ल्यावर लिहिलेलं होतं, पण ते कुणी घेत नसे. मराठी, मल्याळी, पाकिस्तानी, सगळ्यांचेच ते चाचा. मी पहिल्यांदा दुकानात शिरले तेव्हा फोनवर आईशी बोलत होते. काउंटरमागून आवाज आला, "नाशिक काय?" परक्या मुलखात असं मराठी कानावर पडलं की माणूस पाघळतोच. मीही पाघळले आणि हक्काने सईसाठी खोकल्याचं औषध मागितलं.

"उमर?"

"अडीच वर्षं."

"मंग नाय."

त्यांच्या पाठीमागच्या फळीवर खोकल्याच्या बाटल्यांची रांग होती. मी बोट दाखवलं. चाचांनी मागे वळून बघितलं, जणू पहिल्यांदाच दिसल्या. "ती शोभा हाय," ते म्हणाले आणि माझ्या हातात मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब ठेवले.

तुम्हीही असे दुकानदार पाहिले असतील, ज्यांना माल विकायचाच नसतो. पण चाचांचा नन्ना ऐकायला मला पुढे मजा वाटू लागली. एकदा रास लफानच्या गॅस प्रकल्पाच्या बसमधून उतरलेला एक जण कामाच्या कपड्यांतच आत आला आणि म्हणाला, "चाचा, बच्चे के लिए कुछ स्ट्राँग दे दो. रात भर खाँसता है." चाचांनी शांतपणे विचारलं, "बच्चा खाता है? पीता है? खेलता है? साँस तेज तो नहीं चलती?" सगळं ठीक होतं. मूल दोन वर्षांचं होतं. "तो शहद दो, सोने से पहले, एक चम्मच. एक साल से छोटा होता तो वो भी नहीं देता. पसली अंदर जाने लगे, पीना छोड़ दे, तो मेरे पास नहीं, सीधा डॉक्टर के पास. यल्ला." तो माणूस मधाची बाटली घ्यायला शेजारच्या किराणा दुकानात गेला. चाचांच्या मालकाला हे सगळं कसं परवडत होतं कोण जाणे.

काउंटरशेजारी वजनकाटा होता. चार वर्षांवरच्या मुलाला औषध द्यायचं झालंच, तर आधी त्याला काट्यावर उभं राहावं लागे. मग चाचा खोक्यावर जाड पेनाने वजन लिहीत, किती एमएल ते लिहीत आणि सोबतचा प्लॅस्टिकचा कप काढून त्यावर रेघ मारून देत. "घरचा चमचा नको. घरचे चमचे पोह्यांसाठी." सईला तो काटा इतका आवडायचा की काही नको असलं तरी ती त्यावर चढायची. चाचा विचारायचे, "वजन किती गो?" ती ओरडायची, "फोर्टीन!"

आता आमच्या पिशवीबद्दल सांगायला हवं. आपल्यापैकी जे बाहेर राहतात त्यांना वेगळं सांगायला नको. दर सुट्टीत परत येताना बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि एक पिशवी औषधांची. नाशिकच्या आमच्या डॉक्टरांनी सईला कधीकाळी जे जे लिहून दिलं, ते ते सगळं. गळू नये म्हणून टॉवेलात गुंडाळलेलं. इथले डॉक्टर चांगलेच आहेत, पण आपल्या डॉक्टरांचं औषध ते आपलं. फ्रिजच्या दारात ती फौज उभी असली की मला फार सुरक्षित वाटायचं. चाचांना या पिशवीचा सुगावा होता. "पिशवी घेऊन या एकदा," ते म्हणायचे. मी हो हो म्हणून टाळायचे.

सई साडेतीन वर्षांची असताना तिला सर्दी झाली. नाक वाहत होतं म्हणून क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी एक गुलाबी औषध दिलं. दुसऱ्या दिवशी खोकला वाढला. मी फ्रिजमधून नाशिकचं नारिंगी काढलं. गुलाबी नाकाचं, नारिंगी खोकल्याचं. रंग वेगळे, रोग वेगळे, इतका सरळ हिशेब होता. सकाळी दोन्ही दिली. जेवणानंतर पुन्हा दोन्ही दिली, पोह्यांच्या चमच्याने. सई झोपली. बरं झालं, आराम पडला, असं म्हणून मी कपडे वाळत घातले. तीनच्या सुमाराला तिला उठवायला गेले, तर ती उठेना. डोळे किलकिले करी आणि मान टाकी.

मी तिला खांद्यावर घेतलं, दोन्ही बाटल्या हातात घेतल्या आणि अनवाणीच खाली धावले. चाचांनी दोन्ही बाटल्या फिरवल्या. एक वाचली, दुसरी वाचली, आणि दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींच्या पाठीवर एकच नाव होतं. झोप आणणारं, सर्दीचं. मी माझ्या लेकीला एकच औषध दोनदा पाजत होते.

"किती दिलात? कधी दिलात?" आवाज चढला नाही. मी सांगत गेले तसं त्यांनी कागदावर लिहिलं. मग कोट काढला, दुकानाला कुलूप घातलं आणि आपली जुनी गाडी काढली. त्या सगळ्या वर्षांत ते दुकान भरदुपारी बंद झालेलं मी पाहिलं ते तेवढंच. वाटेत ते फक्त इतकंच म्हणत होते, "छातीवर हात ठेवा. श्वास मोजत रावा. तिच्याशी बोलत रावा." मी सईशी काय बोलले ते मला आठवत नाही. मी रडत होते एवढं आठवतं.

मुलांच्या तातडीच्या विभागात डॉक्टरांनी बाटल्या पाहिल्या, चाचांचा कागद पाहिला, सईच्या बोटाला यंत्र लावलं आणि काही तास तिला डोळ्यांसमोर ठेवलं. चाचा मला तिथे सोपवून दुकानात परतले, पण दर अर्ध्या तासाने त्यांचा फोन येत होता. संध्याकाळी सईने डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, आय वाँट ज्यूस." मी चाचांना कळवलं. ते म्हणाले, "उद्या पिशवी घेऊन या."

दुसऱ्या दिवशी मी पिशवी काउंटरवर रिकामी केली. चाचांनी एकेक बाटली फिरवली. मुदत संपलेल्या निघाल्या, कधी उघडल्या ते ठाऊक नसलेल्या निघाल्या, सासऱ्यांच्या खोकल्याची एक निघाली. शेवटी टॉवेल तेवढा परत मिळाला. "खलास," चाचा म्हणाले. दोष देणारा एक शब्दही नाही. मीच म्हटलं, "चाचा, हे घरी कुणाला सांगू नका." त्या वेळी नवऱ्यालाही मी सर्दीची गुंगी एवढंच सांगितलं होतं. आपल्याच हाताने असं झालं, हे सांगायला माझी जीभ रेटत नव्हती.

त्यांनी ते खरंच कुणाला सांगितलं नाही. पुढे सासूबाई राहायला आल्या. त्या ओव्याच्या पुरचुंडीवाल्या. चाचांशी त्यांचं जमलं, कारण पुरचुंडीला पाठ नसल्यामुळे चाचांना वाचण्यासारखं काही नव्हतं. "गरम जास्ती नको," एवढंच ते म्हणाले. एकदा दुकानात सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "आमची सून औषधांच्या बाबतीत फार काटेकोर हो." माझे कान तापले. चाचा खोकी सरळ करत म्हणाले, "हो, फार काटेकोर." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दोन वर्षांपूर्वी ते कायमचे गावी गेले. निरोपाला मी भाजणीच्या चकल्या केल्या होत्या. नव्या फार्मासिस्टबाई हुशार आहेत, पण वजनकाटा आत गेला.

गेल्या महिन्यात, शनिवारी सकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मी आणि सासूबाई मटार सोलत होतो. चाचा बारीक झाले होते. मागून मुलाचं खोकणं ऐकू येत होतं.

"वहिनी, नात हाय. दीड वर्षांची. डॉक्टरने एक दवा दिली, सकाळी पाजली. आता बीबीने कुवेतवरनं तिच्या भावाने पाठवलेली दुसरी काढली हाय. मी म्हणतो, आधी पाठ बघू. तर ती म्हणते, तुमी दुकानात बसायचे, तुमी काय डॉक्टर? घरात माझा कोन ऐकत नाय. तुमी सांगा."

फोन फिरला. डोक्यावर ओढणी घेतलेल्या एक बाई दिसल्या. एका हातात नात, दुसऱ्या हातात भरलेला चमचा. "पोर किती खोकतेय, तुम्हीच बघा," त्या म्हणाल्या. त्यांचं काय चुकत होतं? मीही हेच केलं होतं.

सासूबाई समोरच होत्या. मी एक मटार सोलला. मग म्हटलं, "भाभी, तो चमचा जरा खाली ठेवा. मी सईला एकाच दिवशी दोन औषधं दिली होती. रंग वेगळे होते म्हणून. आतलं औषध एकच निघालं. ती उठेना. चाचांनी दुकान बंद करून आम्हाला दवाखान्यात नेलं, म्हणून माझी पोरगी आज शाळेत जाते."

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. त्यांनी शेंग ताटात ठेवली, खुर्ची ओढून माझ्या शेजारी आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि फोनमध्ये डोकावून म्हणाल्या, "आधी सांगा, बाळाचं वजन किती?"

चाचा हसले. चष्मा काढून डोळे पुसत राहिले. भाभींनी चमचा खाली ठेवला आणि बाटली उचलून फोनसमोर धरली. आधी हसरं बाळ दिसलं, स्ट्रॉबेरी दिसली. मग त्यांनी ती सावकाश फिरवली.