शेवंताबाईंचा कोरा कागद

निपाणीच्या शेवंताबाई वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी प्रौढ साक्षरता वर्गात अक्षरे शिकल्या आणि तेव्हापासून त्यांना अक्षरांची स्वप्ने पडू लागली. विड्या वळताना दुपारी डोळा लागला, की सुपातल्या तंबाखूवरून अक्षरे रुईच्या म्हाताऱ्यांसारखी हलकेच तरंगत जात.

१९८८ साली महिला मंडळाच्या बालवाडीत मदतनीस हवी असल्याची पाटी त्यांनी स्वतः वाचली. शनिवारपर्यंत अर्जासोबत बायोडाटा द्यायचा होता. ही जागा मिळाली, तर तीस वर्षांच्या तंबाखूच्या खोकल्यातून त्यांची सुटका होणार होती.

गल्लीतल्याच परशरामने आपल्या टायपिंग क्लासमध्ये नुकताच कॉम्प्युटर आणला होता. काळ्या काचेवर हिरवी अक्षरे उमटताना पाहून शेवंताबाई स्वतःला विसरल्या. परशरामने सांगितले, की त्याच्याकडे दोन सॉफ्टवेअर आहेत. पहिल्यात बायोडाटाचा साचा तयार असतो, रकाने भरले की काम झाले, पण सारे इंग्रजीत. दुसऱ्यात मराठी अक्षरे येतात. मात्र त्यात साचा नसतो, नुसता कोरा कागद असतो. मंडळातली माणसे शिकलेली असल्यामुळे पहिलेच घ्यावे, असे त्याचे मत पडले.

शेवंताबाईंना ते पटले. विडीचे पानही त्या आयुष्यभर पत्र्याच्या साच्यावर ठेवूनच कापत आल्या होत्या. साच्याबाहेरचे पान म्हणजे वाया, हे त्यांच्या हाताला पाठ होते. परशराम विचारत गेला, त्या सांगत गेल्या. छपाईयंत्र करकरले आणि सुबक कागद बाहेर आला. त्यावर काय आहे ते मराठीत वाचून दाखव, असे त्यांनी सांगितले.

परशराम नाव, पत्ता वाचून थांबला. मग खाली बघत म्हणाला, “शाळा, न्हाय. नोकरीचा अनुभव, न्हाय.”

“तीस वर्सं मी काय करत हुतो मग?”

“शेवंताक्का, ह्यात कंपनीचं नाव आन् हुद्दा लागतोय. तुम्ही घरातच वळत हुता.”

“घरात वळल्या म्हणून माझ्या विड्या कुणी वडल्या न्हाईत व्हय रं?”

शेवंताबाईंनी तो सुबक कागद घडी घालून बाजूला ठेवला. त्यानंतर त्यांनी दुसरे सॉफ्टवेअर लावायला सांगितले. मंडळाने नाकारले तर नाकारू दे, असेही बजावले.

कोरा पडदा उजळला. शेवंताबाई सावकाश सांगू लागल्या, जणू फार दूरचे पाहून बोलत होत्या. गल्लीतल्या बायका तंबाखूच्या वखारीत कामाला जात, तेव्हा आपली पोरे त्यांच्याकडे सोडून जात. पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी बांधून त्या विड्या वळीत. दिवसाला हजार विड्या होत, आणि पाळणा एकदाही थांबत नसे. अशी तेवीस पोरे त्यांनी सांभाळली.

“तेवीस?” परशरामने विचारले.

“तुला धरून. लई रडका हुतास.”

परशराम हसला आणि त्याने तो आकडा दोनदा तपासून घातला. छापलेल्या अक्षरांचे ठिपके किंचित विस्कटलेले होते. तरी शेवंताबाईंनी सारा कागद बोट ठेवून स्वतः वाचला आणि मगच खाली सही केली.

शनिवारी मंडळाच्या अध्यक्षा अक्काताईंनी तो कागद शेवटपर्यंत वाचला. शाळेविषयी त्यांनी काही विचारले नाही. कामावर कधीपासून येता, एवढेच विचारले.

शेवंताबाई हळूच म्हणाल्या, “विडीची पानं भिजत घातल्यात. तेवढी संपवून सोमवारी येतो.”