कवेलूंखालचा फेस आणि विहीणबाईंची तपासणी

आमच्या घरातला धूर बाहेर कुठून जातो, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं. त्याआधी चाळीस वर्षं मी त्याच घरात चूल पेटवत होते. धूर वर जायचा आणि दिसेनासा व्हायचा. मला वाटायचं, आमचा धूरच मुळात गुणी आहे.

पवनीपासून जवळच आमचं गाव. घर जुनं, मातीच्या जाड भिंतींचं, वर कवेलू, म्हणजे कौलं. भिंती गुणाच्या, पण मे महिन्यात कवेलू असे तापतात, की मधल्या खोलीत पापड लाटून ठेवला तर वाळायच्या आधी भाजून निघेल. कूलर आहे. तो गरम हवा ओली करून अंगावर टाकतो, एवढंच त्याचं काम.

आम्ही सोसतच आलो होतो. पण यंदा आमच्या लेकीला, वर्षाला, सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत. मी जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी शिवून ठेवली, डिंक निवडून ठेवला, आणि तेवढ्यात नागपूरहून वर्षाच्या सासूबाईंचा, म्हणजे माझ्या विहीणबाईंचा फोन आला. विहीणबाई शाळेत बाई होत्या. निवृत्त झाल्या, पण दुसऱ्याच्या घरात शिरताना अजूनही वर्ग तपासायला आल्यासारख्या शिरतात.

"विहीनबाई, तुमच्या घरी कवेलू आहेत ना?"

"आहेत की."

"आमच्या इथं एसी आहे. नवतप्याच्या नऊ दिवसांच्या आगीत पोरगी तुमच्या इथं कशी राहीन? मी रविवारी तिले घेऊन येतो. खोली पाहतो. पसंत पडली तं ठेवतो, नाही तं वापस आनतो."

फोन ठेवला आणि मला रडूच आलं. एकच लेक. तिचं पहिलं बाळंतपण, आणि त्याला माझ्या छपरामुळे खोट?

"रडू नको वं आई," माझा मुलगा प्रमोद म्हणाला. तो नागपूरला नोकरीला जाऊन आल्यापासून त्याला सगळं मोबाईलमध्ये सापडतं. "छपराले आतून फोम मारू. फेसासारखा असते. तो गरमीले खाली उतरूच देत नाही."

"फेस?" आमचे हे खाटेवरून उठून बसले. "साबनाचा फेस दहा मिंट टिकत नाही, अन् तू घराले लावतो?"

"बाबा, हा वाळून कडक होते."

"अन् मंग दरवर्षी कवेलू कसे फेरनार, काढून परत कसे रचनार? वानर येतीन, वरचे कवेलू फोडतीन, खाली तुहा केक लटकून राहीन."

प्रमोदनं ऐकलं नाही. गुरुवारी छोटा हत्ती टेम्पो दारात येऊन उभा राहिला. त्यात दोन पिंपं, एक यंत्र, लांबच लांब नळी आणि एक माणूस. माणसानं पांढरा डगला चढवला, तोंडावर मुखवटा घातला, डोळ्यांवर काच लावली. गल्लीतलं कुत्रं त्याला पाहून भुंकायचंच विसरलं.

आम्हाला त्यानं आंगणात हाकललं. मी मात्र लांबच्या खिडकीला डोळा लावून उभी राहिले, आणि जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. मधल्या खोलीत त्यानं नळी वर केली. कवेलूंवर ताकासारखं पातळ काहीतरी उडालं. मी म्हटलं, झालं, एवढ्यासाठी का गाडी आणली? आणि मग ते फुगायला लागलं. दूध उतू जातं ना, तसं. पण उलटं, वरच्या अंगाला चिकटून. बघता बघता चार बोटं जाड. फटी भरल्या, बांबू झाकले. आमच्याकडे खोल्यांच्या भिंती छपरापर्यंत पोचत नाहीत, वर हातभर मोकळं असतं. तेही त्यानं फळ्या ठोकून भरून टाकलं. माझा अनारसा चाळीस वर्षांत एकदाही असा फुगला नाही. (घरात कुणी विचारू नये म्हणून हे मी इथंच सांगते आहे.) मी नकळत हात जोडले.

"कोनाले नमस्कार करून राहिली?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"त्या नळीले."

दुसऱ्या दिवशी दुपारी, हवा खेळून झाल्यावर, त्यानं आम्हाला आत बोलावलं. बाहेर ऊन असं, की कोंबड्या चोच उघडून बसलेल्या. आत पाऊल टाकलं आणि मी जागीच थांबले. नव्या माठात हात घातल्यासारखं वाटलं. आमचे हे आत आले, वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि आपली खाट उचलून आत घेऊन आले. चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाला काही एवढ्या लवकर पटलेलं मी पाहिलं नव्हतं.

इथंच मी थांबायला हवं होतं. पण मला हाव सुटली.

"बाबू," मी फोमवाल्याला म्हटलं, "रांधनीत बी मार ना."

"चूल आहे का माय तिथं? चुलीच्या वर मी मारत नाही. हा फोम आग पकडते. अन् धूर कुठून जाईन?"

आता काय सांगू? चूल होती. पण प्रमोद शेतावर गेला होता, आमचे हे थंड खोलीत झोपले होते, आणि मला विहीणबाईंना सगळं घरच गार दाखवायचं होतं. मी म्हटलं, "चूल कधीचीच मोडली. आता गॅस आहे. थांब, जरा झाडून घेतो." आत गेले, चुलीवर पाट ठेवला, पाटावर मिक्सर ठेवला, मिक्सरवर विणलेला रुमाल घातला. त्या माणसानं बघितलं, मान हलवली आणि फोम मारला. मी जन्मात एवढ्या सफाईनं खोटं बोलले नव्हते.

रविवारी विहीणबाई आल्या. मागे वर्षा, पोट सांभाळत. विहीणबाई ओसरीवर बसल्या, पाणी घेतलं, रुमालानं मान पुसली.

"पहिले जेवन करू, मंग खोली पाहू," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातची बेसनाची पाटोडी मी लगनात खाल्ली होती. चुलीवरची. आठवन आहे."

बस. चुलीवरची म्हटल्यावर मी गॅसवर कशी करणार? रुमाल काढला, मिक्सर काढला, पाट काढला. चुलीत गोवऱ्या रचल्या. फोमवाल्याचे शब्द आठवले, नाही असं नाही. पण मनात म्हटलं, एका पाटोडीनं काय होते.

गोवरी धुमसली. धूर नेहमीसारखा गुणानं वर गेला. छपराला लागला. कवेलूंच्या फटी फेसानं बुजलेल्या, म्हणून तिथं थांबला. थोडा विचार केल्यासारखा पसरला, आणि खाली यायला लागला.

आधी छत दिसेना. मग फळीवरचे डबे दिसेनात. मग माझेच हात. शेवटी दारातून धूर ओसरीवर निघाला, जिथं विहीणबाई मला काय काय विचारायचं ते मनात जुळवत बसल्या होत्या.

"विहीनबाई, काय करून राहिल्या?" बाहेरून आवाज आला. मग खोकला. मग आणखी खोकला.

"काही नाही, बसा तुम्ही," मी धुरातून म्हटलं. "फोडनी जरा जोरात झाली."

तेवढ्यात शेजारच्या रामभाऊंनी खिडकीतून निघणारा धूर पाहिला. "आग लागली, आग!" असं म्हणत ते बादली घेऊन आले, आणि काही न विचारता खिडकीतून रिकामी केली. निम्मं पाणी माझ्या डोक्यावर, निम्मं चुलीत. पेटत्या गोवरीवर पाणी पडलं की काय होतं, हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी एकदा करून पाहावं. शहाण्यांनी करू नये. आधीचा धूर हा धूर नव्हताच म्हणायचं.

गाव जमलं. मी ओली, काळी, हातात भिजून मोडलेली पाटोडी घेऊन आंगणात उभी. प्रमोद धावत आला, रांधणीत पाहिलं, वर पाहिलं, फोमकडे, मग माझ्याकडे.

"आई, हे इथं कोनी मारायले सांगतलं?"

"मीच."

"त्यानं सांगतलं नव्हतं, आग पकडते म्हून?"

"सांगतलं होतं."

त्यानं माझ्या हातातली पाटोडी काढून घेतली. तेवढ्यात वर्षाच्या लक्षात आलं.

"आई, माह्या सासूबाई कुठं आहेत?"

ओसरी रिकामी. रुमाल तेवढा पडलेला. गेल्या. नागपूरची गाडी धरायला गेल्या. उद्या पोरीची बॅग भरली जाईल, आणि माझी दुपटी पेटीत पडून राहतील. रामभाऊ फाट्यावर पाहायला पळाले. मी नळाखाली तोंडही न धुता मागे धावणार, तोच मधल्या खोलीतून आवाज आला. ओळखीचा आवाज. घोरण्याचा.

दार ढकललं. धुरापासून पळता पळता विहीणबाईंनी हाताला लागलं ते दार उघडलं होतं, आत शिरून लावून घेतलं होतं. आत ना धूर, ना ऊन. आमच्या ह्यांच्या खाटेवर विहीणबाई पदर अंगभर ओढून गाढ झोपल्या होत्या. (आमचे हे भिंतीशी उकिडवे बसून, पाहुण्यांची झोप मोडू नये म्हणून श्वास धरून होते.)

दोन तासांनी त्या उठल्या. आम्ही सगळे दारात रांगेनं उभे, निकाल लागायचा तसे.

"वर्षा इथंच राहीन," त्या म्हणाल्या.

मी डोळे पुसले. धुरामुळे असेल म्हणून कुणी विचारलं नाही.

"पन चूल बाहेर न्या. अन् रांधनीतला तो फेस खरडून काढा. मले धूर सोसत नाही."

"तुमाले?"

"मंग? पोरीजवळ कोनी तं पाहिजे ना रात्रंदिवस. मी बी राहतो."

रांधणीतला फोम मीच खुरप्यानं खरडला, दोन दिवस, मान वर करून. नात झाली, गोरी, मोठ्या आवाजाची, आणि त्या खोलीत तिला एक घामोळं आलं नाही. विहीणबाईंना दुपारी चादर लागायची. मी आंगणात, टिनाच्या आडोशाला, नवीन चुलीपुढे.

त्याच नवतप्यातल्या एके दुपारी दार उघडून विहीणबाईंनी मुंडकं बाहेर काढलं.

"विहीनबाई, एवढ्या उनात कायले बसता? आत या ना, मस्त थंड आहे. येतांनी चहा आना."

मी चहा नेला. त्या म्हणाल्या, "दार लवकर लावा, थंडावा जाते." मी लगेच लावलं. बाहेरून, चुलीच्या बाजूनं.