न वाचता शिवलेलं प्रकरण

"त्यो लबाड हाय, गुर्जी! धादांत खोटं बोलतोय!" बायडा ओरडली, आणि नेमके त्याच क्षणी तपासणीला आलेले दिपोटी साहेब वर्गाच्या दारात उभे राहिले. ओरड होती कादंबरीतल्या भिवावर. साहेबांना वाटलं, आपल्यावरच. बायडा धनगराची लेक. ती माणात ओरडली की लोणंदला गाडी थांबायची... आणि हे मी कमी करून सांगतोय.

आमचे जंगम गुरुजी गेल्या महिन्यात नव्वदी ओलांडून गेले. बातमी कळली तेव्हा आधी ती ओरडच कानात घुमली.

चाळीसचं दशक. लढाई चालू, निम्म्या वर्गाचे बाप पलटणीत. सांगलीहून आलेल्या गुरुजींनी आमच्याच बोलीतली एक जुनी कादंबरी वर्गात वाचायला घेतली. देवीचा चांदीचा मुखवटा चोरीला जातो. चोर कोण? शेवटचं प्रकरण त्यांनी दाभणानं शिवूनच टाकलेलं. "चोर तुम्ही शोधायचा," म्हणाले. मग काय! विटीदांडू सुटला, जेवण सुटलं. मी तर एकदा देवीवरच संशय घेतला होता.

त्या दिवशी दारातून आत येऊन साहेबांनी पुस्तकातल्या चार ओळी वाचल्या आणि ते भडकले. "ही गावंढळ भाषा शाळेत? पुस्तक बंद करा, नाहीतर बदलीला तयार राहा!"

"मुलांना चोर सांगू द्या," गुरुजी म्हणाले. "चुकली, तर पुस्तक बंद आणि मीही जातो."

गुरुजी जाणार?

"सांग गं, कोण चोर?" गुरुजींनी बायडाला विचारलं.

"भिवा. म्हंतोय, वैशाखात भर दुपारी मेंढरं हाकत खिंड वलांडली. आवं सायेब, उनाची मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली मुंड्या घालून हुबी ऱ्हात्यात. काठी मोडली तरी हलत न्हाईत. मंग मेंढरं सोडून ह्यो खिंडीत कशापायी गेलता?"

साहेबांनी स्वतः टाके कापले. मोठ्यानं वाचू लागले, आमच्या बोलीत ठेचकाळत, आणि आम्ही चाळीस पोरं त्यांना शिकवतोय, "'आहे' न्हवं सायेब, 'हाय' म्हना!" तिसऱ्या पानावर मुखवटा निघाला... भिवाच्या घोंगड्यातून!

असा गिल्ला झाला की छपराची कौलं हातभर उडाली आणि आपापल्या जागी परत बसली. साहेबांनी शेरा लिहिला, 'वाचन उत्तम', आणि जाताना हळूच पुस्तक वाचायला मागून नेलं. आम्ही बायडाला पुढं घालून गुरुजींना खांद्यावरून चावडीपर्यंत मिरवलं.

खाली उतरवल्यावर मी म्हणालो, "गुर्जी, तुमाला कसलं आलंय भ्या? शेवट ठावंच व्हता की तुमाला."

"नाही," गुरुजी टोपी झटकत म्हणाले. "मी न वाचताच शिवला होता."