बेटावरचे सर

सर कधीच शिखरावर गेले नाहीत. ग्लासगोच्या उत्तरेकडच्या स्काय बेटावर आम्ही दोघं चार वेळा गेलो, रोज कुठली ना कुठली पायवाट तुडवली, पण ठरलेली वेळ झाली की सर असतील तिथून मागे वळायचे. माथा दोनशे पावलांवर दिसत असला तरी वळायचे. पहिल्यांदा मी कुरकुर केली तेव्हा म्हणाले, "डोंगर कुठे जात नाही, बस जाते."

आमच्यापैकी कुणाकडेच गाडी नव्हती, आणि बेटाच्या उत्तर भागाला वळसा घालणारी बस दिवसातून तीन-चारदाच यायची. तिचं वेळापत्रक सरांना तोंडपाठ होतं. शाळा चालू असताना वेगळं आणि सुट्टीत वेगळं, हेसुद्धा.

लीथ बंदराजवळच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही पाच भारतीय डॉक्टर राहत होतो. २००५ साल. पाचही जण इथली परीक्षा पास झालेले आणि पाचही बेकार. तेव्हा नोकरी मिळाल्याशिवाय नोंदणी मिळत नसे, आणि नोंदणीशिवाय इथे तुम्ही डॉक्टर नसता. आम्ही चौघं पंचविशीतले. सर एकोणचाळीस वर्षांचे, मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात भूल देण्याच्या विभागात लेक्चरर होते. बायको आणि मुलगी परभणीला. मी त्यांचा विद्यार्थी कधीच नव्हतो, पण बाकीच्यांचं ऐकून मीही त्यांना सर म्हणायला लागलो. ते मला नावाने हाक मारत, "निखिल, ऊठ. फॉर्म भरायचेत."

नकाराची पत्रं साठली की सर आदल्या दिवशी पोळ्या करून ठेवत आणि सकाळी ग्लासगोहून बेटावरच्या पोर्ट्री गावाची कोच पकडत. बाकीच्या तिघांना थंडीवाऱ्यात फिरण्याची हौस नव्हती. मी जायचो, कारण फ्लॅटवर थांबलो तर फोनकडे बघत बसावं लागे. माझं लग्न झालेलं होतं. बायको इथलीच, दूर दक्षिणेला एजवेअरला जन्मलेली, नोकरीही तिकडेच, आणि बिनकामाचा जावई म्हणून सासऱ्यांच्या घरी राहायचं मला नको होतं.

बेटावर सर मोकळे होत. तिथली बस थांबा नसतानाही हात केला की थांबायची, याचा त्यांना फार आनंद. "आपल्या एसटीसारखं आहे बघ, हात दाखवा, गाडी थांबवा." मोराग नावाची पन्नाशीची बाई ती चालवायची. वाटेत पेपर टाकायची, शाळेची मुलं उतरवायची. सर तिला रोज गुड मॉर्निंग म्हणत आणि परतीला कुठल्या वळणावर उभे राहू ते सांगत. तिने एकदा कामधंदा विचारला तेव्हा सर म्हणाले, "वाट बघतो."

तिथला दगड आपल्याच डोंगरांसारखा, लाव्हाचा. काळा, थरावर थर रचलेला, मधूनच पांढऱ्या गारगोट्या चमकणारा. सर त्याच्यावर हात फिरवत. "हा आमच्या अजिंठ्याच्या डोंगराचा चुलतभाऊ आहे. फक्त फार गारठलाय." चालता चालता ते माझी मुलाखतीची तयारी घेत. स्वतः परीक्षक होत आणि माझं उत्तर लांबलं की म्हणत, "आणि पेशंटचं काय झालं? ते आधी सांग."

२००६च्या वसंतात नियम बदलले. आता युरोपातला उमेदवार मिळाला नाही तरच आमचा विचार होणार होता. मला बायकोमुळे तो नियम लागू नव्हता. फ्लॅटमध्ये त्यावर कुणी बोललं नाही, पण चहाच्या वेळी मी असलो की बोलणं थांबे. सरांचं थांबलं नाही. मे महिन्यात उत्तरेकडच्या एका इस्पितळातून आम्हा दोघांना एकाच जागेसाठी बोलावणं आलं, तेव्हा तेच म्हणाले, "चल, बेटावर जाऊन तयारी करू."

त्या रविवारी आम्ही क्विरांगच्या कड्याखालच्या वाटेवर होतो. दुपारचे दोन वाजत आले होते. एका वळणापुढे एक म्हातारी बाई गुडघ्यांवर बसलेली दिसली. तिच्यासमोर तिचा नवरा उताणा पडला होता. चालता चालता कोसळला होता. सर धावले, गळ्याशी बोटं लावली आणि छाती दाबायला सुरुवात केली. बाईंनी विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"यस," सर म्हणाले.

फोनला रेंज नव्हती. मी म्हटलं, "आलटून पालटून करू." सर मान वर न करता म्हणाले, "तू पळ. मी आहे."

मी पळालो. मैल-दीड मैलावर गाड्या लावायची जागा होती. तिथल्या एका जोडप्याने मला खालच्या वस्तीवर नेलं, तिथून फोन केला, मग तेच मला वर सोडून गेले. मी परत पोचलो तोवर पन्नास मिनिटं झाली होती. सर तसेच गुडघ्यांवर. छाती दाबत होते, मध्येच तोंडाने श्वास देत होते. शर्ट घामाने भिजला होता आणि दंड थरथरत होते. बाई नवऱ्याचा हात धरून बसल्या होत्या. मी जागा घेतली. चेहऱ्याकडे बघताच मला कळलं, आणि सरांना ते केव्हाच कळलेलं होतं. तरी हेलिकॉप्टर येईपर्यंत आम्ही थांबलो नाही. त्यातल्या माणसाने तपासून बाईंना सांगितलं.

पोलीस खालून चालत आला. तरुण होता. त्याने बाईंशी हळू आवाजात बोलून घेतलं, मग वही उघडून सरांचं नाव विचारलं, स्पेलिंग नीट लिहून घेतलं.

"तुम्ही डॉक्टर आहात असं मिसेस म्हणाल्या."

सर "नॉट हिअर," म्हणाले.

पोलिसाला समजलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मग त्याने वहीत काहीतरी लिहिलं. 'पासर-बाय', म्हणजे वाटसरू, एवढा शब्द मला उलटा वाचता आला.

निघताना बाईंनी सरांचे दोन्ही हात धरले. त्या म्हणाल्या, "तो एकटा नव्हता."

रस्त्यावर आलो तेव्हा शेवटची बस जाऊन तास झाला होता. आम्ही चालायला लागलो. अर्ध्या तासाने एक छोटी गाडी समोरून येऊन थांबली. मोराग होती. बस डेपोत लावून स्वतःच्या गाडीने शोधायला आली होती. "तुम्ही वळणावर नव्हतात," ती म्हणाली. "तुमचं असं होत नाही." मागच्या सीटवर मी सरांना म्हटलं, "दहा मिनिटांतच कळलं असेल तुम्हाला. मग थांबला का नाहीत?"

"थांबलो असतो तर गेला म्हणून मला सांगावं लागलं असतं," सर म्हणाले. "ते सांगायचा इथे मला अधिकार आहे का?"

संध्याकाळी होस्टेलच्या फोनवरून त्यांनी घरी फोन लावला. दर रविवारी लावत. त्यांची मुलगी मनू तिसरीत होती. घरी सर नोकरीत आहेत असंच माहीत होतं. मनू विचारायची, "बाबा, आज किती पेशंट बघितले?" आणि सर आठ, दहा, असा काहीतरी आकडा सांगत. त्या दिवशी मी फोनचं कार्ड धरून शेजारी उभा होतो. सर म्हणाले, "एक." मग बराच वेळ तिचंच ऐकत राहिले.

तीन आठवड्यांनी मुलाखत झाली. आधी सर आत गेले, मग मी. तिघांच्या पॅनेलने विचारलं, कठीण प्रसंगात तुम्ही स्वतः काय केलंत ते सांगा. मी क्विरांगचं सांगितलं. वळण, बाई, पन्नास मिनिटं. फक्त छाती दाबणारा मी झालो, आणि पळणारा एक मित्र. ठरवून केलं नव्हतं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. पण पहिल्या वाक्यात 'मी' म्हटल्यावर दुसऱ्या वाक्यात ते दुरुस्त करता आलं असतं. पॅनेलमधली बाई पुढे झुकून ऐकत होती.

परतीच्या ट्रेनमध्ये सरांनी डबा उघडला. मी विचारलं, "तुम्हाला कठीण प्रसंगाचं विचारलं?"

"विचारलं. कॉलेजातली जुनी एक केस सांगितली. बाळंतिणीची."

"डोंगरावरचं नाही सांगितलं?"

"तो त्या बाईंचा नवरा होता रे," सर म्हणाले. "नोकरीसाठी त्याला कसा वापरायचा?" आणि त्यांनी अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवली. "तू काय सांगितलंस?"

"असंच काहीतरी," मी म्हणालो.

जागा मला मिळाली. व्हिसामुळे की त्या गोष्टीमुळे, ते कुणी सांगत नसतं. सरांनी सगळ्यांसाठी शिरा केला, माझी बॅग भरून दिली, आणि पहिल्या रात्रपाळीत लागणाऱ्या औषधांची यादी स्वतःच्या अक्षरात लिहून दिली. ऑक्टोबरात त्यांचा व्हिसा संपला. विमानतळावर सोडायला फ्लॅटमधले तिघं गेले. मी ड्यूटीवर होतो. ड्यूटी बदलून मिळाली असती. मी मागितली नाही.

त्यानंतर सरांचे दोन ईमेल आले. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लागले होते. पेशंट भरपूर, भूल देणारे एकटेच. मी पहिल्याला चार ओळींचं उत्तर दिलं, दुसऱ्याला दिलंच नाही. २००९ साली फ्लॅटमधल्या एकाचा फोन आला. सर ऑपरेशन संपवून बाहेर आले, छातीत दुखतंय म्हणाले, आणि शहराच्या वाटेवर गाडीतच गेले. त्रेचाळीस वर्षांचे होते.

त्या डिसेंबरात मी परभणीला गेलो. वहिनींनी पाणी दिलं, चहा ठेवला. मनू सातवीत होती, दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. वहिनी म्हणाल्या, "तुमचं नाव यांच्या तोंडी नेहमी असायचं. ते डोंगरावरचं तर कितीदा सांगितलंय. माझा निखिल दगडाधोंड्यांतून असा पळाला, म्हणून मदत तरी आली, म्हणायचे."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"पण तेव्हा हे काय करत होते," वहिनींनी विचारलं, "ते कधी बोलले नाहीत. विचारलं तर म्हणायचे, होतो तिथेच."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. ओला शर्ट, थरथरणारे दंड, बाईंनी धरलेले हात. मनू आत येऊन आईला टेकून बसली. ती म्हणाली, "पन्नास मिनिटं? एकट्यानेच?"

"हो, एकट्यानेच."

वहिनी पदर तोंडाशी धरून रडल्या. गॅसवर चहा उतू गेला, तो मनूने उठून बंद केला. दोन तास मी त्या घरात होतो. मुलाखतीचं मात्र मी त्यांना सांगितलं नाही.